आपुलकीचा पुरावा

तेविसाव्या दिवशी थंडी वाजली.
मे महिन्यात. इंदूरला.
बायकोला म्हटलं, पंखा बंद कर.
तिने वर पाहिलं, तो बंदच होता,
आणि काही न बोलता बॅग भरायला घेतली.
फाइल, थर्मामीटर, गोळ्यांचा डबा,
आणि लघवी मोजायचं ते खुणांचं भांडं,
जे आमच्या घरात आता
देव्हाऱ्यातल्या तांब्याइतकंच सोवळ्यात असतं.

चौथा मजला. एकट्याची खोली.
आत येणारा जो तो आधी हात धुतो.
खिडकीखाली सकाळी सातला कचरागाडी येते
आपलं तेच गाणं वाजवत :
ओला वेगळा, सुका वेगळा.
स्वच्छ शहर म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे छाती काढतो,
आणि माझ्या आत कुणीतरी
ओलं-सुकं एक करून ठेवलंय.

डॉक्टर सोनवलकर म्हणाले, कल्चर लावलंय, तीन दिवस.
तोवर अंदाजाने औषध.
प्रतिकारशक्ती दाबायची एक गोळी कमी केलीय,
पण फार नाही करता येत.
शरीर पुरतं जागं झालं
तर किडनीच्याच अंगावर धावून जाईल.
क्रिएटिनिन १.१ होतं.
१.९ झालं.

किडनी कालिंदी आत्याची.
कायद्याच्या यादीत आत्या बसत नाही.
आई बसते, भाऊ बसतो, आजीसुद्धा.
आत्यासाठी समिती.
टेबलापलीकडे पाच जण, एक कॅमेरा,
आणि अर्जात एक रकाना :
देण्याचं कारण – आपुलकी. पुरावा जोडावा.

तिने शिवणाच्या पिशवीतून फोटो काढले.
मुंजीतला मी, तिच्या मांडीवर पेंगलेला.
सराफ्यात दोघं, द्रोणात भुट्ट्याचा कीस.
एका फोटोत मी नव्हतोच,
नुसता माझा स्वेटर, दोरीवर वाळत.
हा कशाला, साहेबांनी विचारलं.
"नाप बघा ना," आत्या म्हणाली,
"न मोजता विणला होता. बरोब्बर बसला."

आता ती रामबागेत, कुशीवर हात ठेवून,
दिवसातून चारदा फोन करते.
मला कसं वाटतंय हे विचारत नाही.
"किती झाली?"
साडेतीनशे. दोनशे ऐंशी.
काल अख्ख्या रात्रीत नव्वद.
नव्वद ऐकून ती गप्प झाली.
मग म्हणाली, "हट्टी आहे रे ती, माझीच ना.
रागावू नको. जरा चुचकार."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला.
जंतूचं नाव असं की जीभ अडखळावी.
कुठून लागला, मी विचारलं.
वॉर्डातून? नळाच्या पाण्यातून?
पोहे तर खाल्ले नव्हते,
रिक्षातून जाताना जिरावणाचा वास तेवढा घेतला होता.
डॉक्टरांनी मान हलवली.
"बाहेरचा नाही हो. तुमच्याच आतड्यातला.
वर्षानुवर्षं राहतोय तिथे.
फक्त जागा सोडून सरकलाय."

यावर रात्रभर डोळे उघडे.
एकोणचाळीस वर्षं ज्याला जेवू घातलं, तो हा.
आणि उजव्या ओटीपोटात
जिचं बिऱ्हाड लागून महिनाही झाला नाही, ती
तापात, सुजलेली,
माझं मीठ मोजत बसलीय.

पहाटे चारला भांडं घेतलं.
चष्मा सापडेना. बबीता सिस्टरने मोबाइलचा टॉर्च धरला,
खाली वाकून खूण वाचली,
वहीत लिहिली, आणि "ठीक है" इतकंच म्हणाली,
पण पेनाचं टोपण लावायला विसरली.

आत्याला फोन करायची ही वेळ नव्हे.
केला.
पहिल्याच घंटीला उचलला.
"किती?"
आकडा ओठांवर होता, तरी थोडा वेळ
आम्ही दोघं नुसते ऐकत राहिलो,
मी तिकडचा पंखा,
ती इकडचा सलाइनचा पंप.